शहरांचे मोजमाप आणि नियोजनाचा निर्णय



२०११ च्या जनगणनेनुसार भारताची नागरी लोकसंख्या सुमारे ३७.७ कोटी, म्हणजेच एकूण लोकसंख्येच्या ३१.१६ टक्के होती. त्या जनगणनेत ७,९३५ नगरांची नोंद झाली आणि दहा लाखांहून अधिक वस्तीची ५३ नागरी संकुले आढळून आली. पुढील जनगणना २०२१ मध्ये व्हावयाची होती. ती लांबली आणि देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख ठरविण्यात आली. दोन गणनांमधील हे अंतर सोळा वर्षांचे आहे. या काळात शहरांच्या सीमा पसरल्या, खेडी उपनगरे झाली, तलाव बुजले आणि वाहनांची संख्या वाढली. शहराचा विकास आराखडा साधारणपणे वीस वर्षांसाठी तयार होतो, तो मंजूर होण्यातच कित्येकदा काही वर्षे निघून जातात. साहजिकच, ज्या शहरासाठी आराखडा केला ते शहर आराखडा अंमलात येईपर्यंत बदललेले असते.

माहिती आणि निर्णय यांच्यातील ही तफावत कमी करण्याचा एक मार्ग म्हणून संवेदक आणि संगणकीय प्रारूपे यांच्याकडे गेल्या दोन दशकांत मोठ्या अपेक्षेने पाहिले जात आहे. या अपेक्षेत तथ्य किती आणि भाबडेपणा किती, याचा विचार अर्थशास्त्राच्या एका साध्या कसोटीवर करता येईल. माहिती मिळविण्यासाठी खर्च येतो. तिचे मूल्य तिच्या आकारमानावर अवलंबून नसते. तिच्यामुळे एखादा निर्णय बदलतो काय, यावर अवलंबून असते. जी माहिती कोणताही निर्णय बदलत नाही, तिचे आर्थिक मूल्य शून्य समजावे लागते, मग ती कितीही अचूक असो.

संवेदक आणि प्रारूप

संवेदक म्हणजे भोवतालच्या एखाद्या भौतिक बदलाची नोंद घेऊन तिचे आकड्यात रूपांतर करणारे साधन. स्वयंचलित पर्जन्यमापक, नाल्यातील पाण्याची पातळी मोजणारे यंत्र, रस्त्याखाली बसविलेले वाहनगणक, बसमधील स्थाननिश्चितीचे उपकरण, जलवाहिनीवरील प्रवाहमापक, हवेतील सूक्ष्म कण मोजणारे केंद्र ही त्याची परिचित उदाहरणे होत. उपग्रहांवरून मिळणाऱ्या प्रतिमाही याच वर्गात मोडतात.

संवेदक केवळ ‘काय आहे’ ते सांगतो. ‘असे का झाले’ आणि ‘असे केले तर काय होईल’ या प्रश्नांसाठी प्रारूपाची गरज भासते. प्रारूप म्हणजे वास्तवातील निवडक घटकांमधील संबंधांची गणिती मांडणी. उदाहरणार्थ, एखाद्या वस्तीत पाणी किती साचेल हे पावसाची तीव्रता, जमिनीचा उतार, फरसबंद क्षेत्राचे प्रमाण, नाल्याची रुंदी आणि समुद्राच्या भरतीची वेळ यांवर अवलंबून असते. हे संबंध समीकरणांत बसविले की संगणक वेगवेगळ्या परिस्थितींचे परिणाम काढू शकतो. मात्र त्यासाठी दोन टप्पे अपरिहार्य आहेत. प्रत्यक्ष नोंदींशी जुळेल अशा रीतीने प्रारूपातील गुणांक ठरविणे हा पहिला टप्पा होय. त्यास अंशांकन म्हणतात. आधी न वापरलेल्या नोंदींवर प्रारूप तपासून पाहणे हा दुसरा टप्पा म्हणजे पडताळणी. पडताळणी न झालेले प्रारूप हे आकड्यांच्या भाषेत मांडलेले मत असते, एवढेच म्हणता येईल.

पूर्वानुभवाचे धडे

शहराचे संगणकीय प्रारूप ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत वाहतूक व भूमिवापर यांची मोठी प्रारूपे तयार झाली. जे फॉरेस्टर यांनी १९६९ साली ‘अर्बन डायनॅमिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून शहराची वाढ व ऱ्हास यांची मांडणी संगणकाच्या साह्याने केली. तथापि, चारच वर्षांनी, १९७३ मध्ये, डग्लस ली या नियोजनतज्ज्ञाने अशा महाकाय प्रारूपांचा जणू मृत्युलेखच लिहिला. ही प्रारूपे एकाच वेळी फार गोष्टी साधू पाहतात, त्यांना प्रचंड माहिती लागते, त्यांचे अंतरंग सामान्यांना कळत नाही आणि त्यांचा खर्च भारी असतो, असे त्याचे आक्षेप होते. आजच्या संगणकांची क्षमता अनेक पटींनी वाढली असली तरी हे आक्षेप पूर्णतः कालबाह्य झालेले नाहीत.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन सेवेचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १९६९ साली त्या शहराच्या प्रशासनाने रँड या संशोधन संस्थेच्या सहकार्याने एक स्वतंत्र संस्था स्थापन केली. बंब घटनास्थळी पोहोचण्यास किती वेळ लागतो याची मोजणी करून अंतर आणि वेळ यांचे सूत्र बसविण्यात आले. पुढे शहर आर्थिक अडचणीत असताना कोणती पथके बंद करावीत, हे ठरविण्यासाठी या अभ्यासांचा आधार घेण्यात आला. दाट वस्तीच्या, गरीब विभागांतील काही पथकांवर गदा आली. याच दशकात दक्षिण ब्राँक्ससारखे भाग आगींनी उद्ध्वस्त झाले. या आगींची कारणे अनेक होती. परंतु बंब पोहोचण्याचा सरासरी वेळ हा निकष पुरेसा नव्हता, जवळचे पथक दुसऱ्या आगीत गुंतलेले असण्याची शक्यता आणि रस्त्यांवरील गर्दी यांना योग्य महत्त्व दिले गेले नाही, अशी टीका नंतर झाली. गणित चुकले नव्हते. काय मोजावे, याची निवड अपुरी होती आणि त्या निवडीची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना त्या निवडीत स्थान नव्हते.

मुंबई : दोन नोंदींतील अंतर

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाबा येथील नोंद सुमारे ७३ मिलिमीटर होती. एकाच शहराच्या दोन टोकांमधील हा फरक थक्क करणारा आहे. त्या दिवशी दुपारी सुमारे साडेचार मीटर उंचीची भरती होती. शहराची जुनी पर्जन्यजलव्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून, तोही ओहोटीच्या वेळचा, आखलेली होती. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी, अशी शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९३ च्या अहवालात करण्यात आलेली होती. एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे त्या आपत्तीत दगावली.

या घटनेचा अन्वयार्थ दोन पातळ्यांवर लावावा लागतो. पहिली पातळी माहितीच्या अभावाची. शहराच्या उत्तर भागात ढगफुटीसदृश पाऊस कोसळत असताना दक्षिण भागातील कार्यालयांना त्याची तीव्रता जाणवत नव्हती. मोजके पर्जन्यमापक विस्तीर्ण महानगराचे चित्र देऊ शकत नाहीत, हे स्पष्ट झाले. त्यानंतर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे विणण्यात आले, डॉप्लर रडारची भर पडली आणि १२ जून २०२० रोजी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही एकात्मिक पूर-इशारा प्रणाली कार्यान्वित झाली. पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांच्या सहकार्यातून ती साकारली. चेन्नईत डिसेंबर २०१५ च्या महापुरानंतर अशाच स्वरूपाची प्रणाली आधी विकसित झालेली होती; मुंबईला त्या अनुभवाचा लाभ मिळाला.

मुंबईच्या प्रणालीत हवामानाचा अंदाज, १६५ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदी, भूमिवापराची माहिती, मिठी, दहिसर, ओशिवरा, पोयसर यांसारख्या नद्यांच्या पात्रांचे मोजमाप आणि भरती-ओहोटीचे गणित एकत्र येते. त्यातून कोणत्या प्रभागात पाणी साचण्याची शक्यता आहे याचा अंदाज ६ ते ७२ तास आधी वर्तविणे अपेक्षित आहे. तिच्यातील एक घटक पाणी कोठे साचेल ते सांगतो, तर दुसरा त्या ठिकाणी कोणती वस्ती व कोणत्या सुविधा धोक्यात येतील ते दर्शवितो. पाण्याची पातळी आणि माणसांची असुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या मोजल्या पाहिजेत, ही जाणीव या रचनेत दिसते.

दुसरी पातळी मात्र माहितीच्या वापराची आहे. नाल्यांची क्षमता अपुरी आहे हे १९९३ मध्येच ज्ञात होते. त्या ज्ञानाला निधी, प्राधान्यक्रम आणि अंमलबजावणी यांची जोड वेळेवर मिळाली नाही. इशारा देणारी प्रणाली जीव वाचवू शकते; अरुंद झालेले नदीपात्र ती रुंद करू शकत नाही. आपत्तीच्या वेळचे व्यवस्थापन आणि दीर्घकालीन नियोजन या दोन्हींसाठी एकच प्रारूप उपयोगी पडू शकते. पण त्यासाठी बांधकाम परवानगी देणाऱ्या विभागाने पूर-प्रारूपाचा नकाशा समोर ठेवावयास हवा.

दिल्लीची हवा : कारणांचा शोध

हवेच्या प्रदूषणात संवेदक आणि प्रारूप यांमधील श्रमविभागणी अधिक स्पष्ट दिसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘सफर’ ही प्रणाली २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी दिल्लीत सुरू झाली. पुढे ती पुणे, मुंबई आणि अहमदाबाद येथे विस्तारली. मापन केंद्र हवेतील कणांचे प्रमाण सांगते; ते कण वाहनांतून आले, वीजकेंद्रातून आले, रस्त्यावरील धुळीतून आले की शेतातील पाचट जाळल्यामुळे आले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी दोन पद्धती वापरतात. एकीत कणांचे रासायनिक पृथक्करण करून त्यांच्या उगमाचा माग काढतात. दुसरीत प्रत्येक स्रोतातून किती उत्सर्जन होते याची यादी करून वारा, तापमान व हवेच्या थरांची उंची यांच्या आधारे ते कोठे पोहोचेल याचे गणित मांडतात. दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष जुळले की धोरणकर्त्यास विश्वासाने पाऊल टाकता येते.

या माहितीने निर्णयप्रक्रिया कशी बदलली, हे पाहणे उद्बोधक ठरेल. दिल्ली परिसरासाठीचा श्रेणीबद्ध प्रतिसाद कृती आराखडा जानेवारी २०१७ मध्ये अधिसूचित झाला. त्यात प्रदूषणाने पातळी ओलांडल्यानंतर निर्बंध लागू होत असत. वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने २०२२ मध्ये हा आराखडा सुधारला आणि अंदाजाच्या आधारे, सुमारे तीन दिवस आधीच, निर्बंध लागू करण्याचे तत्त्व स्वीकारले. हा बदल मूलभूत आहे. अंदाज चुकला तर बांधकाम मजुराचा रोजगार विनाकारण बुडतो. अंदाज असूनही निर्बंध टाळले तर बालकांच्या व वृद्धांच्या आरोग्यास हानी पोहोचते. म्हणूनच अंदाज किती वेळा खरे ठरले याचा जाहीर ताळेबंद ठेवणे, हे अशा धोरणाचे अविभाज्य अंग मानले पाहिजे.

येथे अर्थशास्त्रीय दृष्ट्या आणखी एक मुद्दा उपस्थित होतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून अधिक वस्तीच्या नागरी संकुलांना हवेच्या गुणवत्तेशी निगडित अनुदानाची शिफारस केली. कामगिरीनुसार अनुदान हे तत्त्व स्वागतार्ह आहे. परंतु मापनाचा आकडा निधीशी जोडला गेला की मापन केंद्र कोठे असावे, या प्रश्नाला आर्थिक महत्त्व प्राप्त होते. बागेत बसविलेले केंद्र आणि चौकात बसविलेले केंद्र एकाच शहराची दोन वेगळी चित्रे देतील. म्हणून मोजणारी यंत्रणा आणि अनुदान घेणारी यंत्रणा परस्परांपासून स्वतंत्र असणे आवश्यक आहे.

अहमदाबाद : साधी माहिती, मोठा लाभ

प्रत्येक वेळी नवीन उपकरणांची गरज असतेच असे नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत तापमान ४६.८ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले. नंतरच्या अभ्यासात त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. हा निष्कर्ष महानगरपालिकेची मृत्युनोंद आणि वेधशाळेचे तापमान यांची सांगड घालून काढण्यात आला. दोन्ही नोंदी पूर्वीपासून उपलब्ध होत्या. त्या एकत्र पाहिल्या गेल्या नव्हत्या. त्याआधारे २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि तापमानाच्या कोणत्या टप्प्यास कोणत्या विभागाने काय करावे हे निश्चित झाले. जन्म-मृत्यू नोंदणी, मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि रुग्णालयांच्या नोंदवह्या याही शहराचे संवेदकच होत. त्यांची शिस्त राखणे हा सर्वांत कमी खर्चाचा सुधार ठरू शकतो.

वाहतूक : प्रारूपाची जाहीर परीक्षा

वाहतुकीच्या क्षेत्रात विकसित देशांची प्रारूपे जशीच्या तशी उचलता येत नाहीत. आपल्या रस्त्यांवर दुचाकी, रिक्षा, बस, हातगाडी आणि पादचारी एकत्र वावरतात; मार्गिकांची शिस्त गृहीत धरणारे सूत्र येथे लागू पडत नाही. सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने मिश्र वाहतुकीसाठी ‘कोसिकॉस्ट’ ही सिग्नल नियंत्रण प्रणाली विकसित केली, ती याच कारणाने महत्त्वाची ठरते.

मात्र सिग्नल सुधारून रस्ता सुरळीत झाला की अधिक वाहने त्या रस्त्याकडे वळतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. माणसे प्रतिसाद देतात. स्टॉकहोम शहराने या बाबतीत एक वेगळा मार्ग अवलंबिला. शहराच्या मध्यभागी येणाऱ्या वाहनांवर ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या कालावधीत प्रायोगिक शुल्क आकारण्यात आले. मध्यभागात ये-जा करणारी वाहतूक सुमारे एक-पंचमांशाने घटल्याचे मोजमापातून दिसले. प्रयोग थांबविल्यानंतर सप्टेंबरमध्ये सार्वमत घेण्यात आले, शहरातील मतदारांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले. प्रयोगापूर्वी जनमत प्रतिकूल होते. प्रारूपाचे भाकीत, प्रत्यक्ष मोजमाप आणि नागरिकांची संमती असा हा क्रम होता. धोरण स्वीकारले गेले ते नागरिकांनी परिणाम स्वतः अनुभवल्यानंतर.

कोण मोजले जाते?

२०१२ च्या सुमारास अमेरिकेतील बोस्टन शहराने मोटारीत ठेवलेल्या स्मार्टफोनच्या साह्याने रस्त्यांवरील खड्डे टिपण्याचा उपक्रम सुरू केला. ज्या वस्त्यांत स्मार्टफोन अधिक, तेथील खड्डे अधिक दिसणार, हा त्यातील धोका होता. भारतात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६.५ कोटी लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. ज्या घराला नळजोडणी नाही, त्याचा पाणीवापर मीटरवर दिसत नाही. जी स्त्री पायी कामावर जाते, तिचा प्रवास वाहनगणकात नोंदला जात नाही. नोंद नाही म्हणून मागणी नाही, असा निष्कर्ष काढला गेला तर गुंतवणूक पुन्हा सुविधासंपन्न विभागांकडेच वळेल.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. रस्त्यावरील गर्दीची संख्या मोजणे आणि त्या गर्दीतील प्रत्येक व्यक्ती ओळखणे यांत मोठे अंतर आहे. नियोजनास पहिली माहिती पुरते. पहिलीसाठी बसविलेला कॅमेरा दुसऱ्या कामासाठी वापरावयाचा असेल, तर त्यास कायद्याचा स्पष्ट आधार, उचित उद्देश आणि उद्देशाशी प्रमाणबद्धता हवी, हे या निर्णयातील निकष होत.

संस्थात्मक क्षमता

स्मार्ट शहर अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झाले. केंद्राने त्यासाठी ४८,००० कोटी रुपयांची तरतूद योजिली, शंभर शहरे निवडण्यात आली आणि ३१ मार्च २०२५ रोजी अभियानाचा कालावधी संपला. शंभरही शहरांत एकात्मिक आदेश व नियंत्रण केंद्रे उभी राहिली. कोविड-१९ च्या साथीत अनेक शहरांनी ती समन्वय कक्ष म्हणून वापरली. अमृत योजनेखाली शहरांचे विकास आराखडे भौगोलिक माहिती प्रणालीवर तयार करण्याचे कामही हाती घेण्यात आले. ही भांडवली मालमत्ता आहे. आता खरी कसोटी महसुली खर्चाची आहे. संवेदकांची देखभाल, अंशांकन, संपर्क-शुल्क आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांसाठी दरवर्षी तरतूद लागते. बंद पडलेला संवेदक निरुपयोगी असतो. बिघडूनही आकडे देत राहिलेला संवेदक त्याहून धोकादायक असतो.

अभियानाची अंमलबजावणी विशेष हेतू कंपन्यांमार्फत झाली, तर चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद २४३-डब्ल्यू आणि बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांद्वारे, नगरनियोजन हे नगरपालिकांचे कार्य मानले आहे. अनुच्छेद २४३-झेडई नुसार महानगर क्षेत्रासाठी नियोजन समितीची तरतूद आहे. ज्या केंद्रात माहिती जमते ते केंद्र आणि ज्या सभागृहात अंदाजपत्रक मंजूर होते ते सभागृह यांच्यात सांधा नसेल, तर माहितीचा निर्णयाशी संबंधच येणार नाही.

या विवेचनातून काही सूचना पुढे येतात. उपकरण खरेदी करण्यापूर्वी त्यामुळे कोणता निर्णय, कोणी व कधी घ्यावयाचा आहे, हे लेखी नमूद व्हावे. प्रारूपाची गृहीतके सुबोध मराठीत, तमिळमध्ये, बंगालीत, म्हणजे त्या त्या शहराच्या भाषेत प्रसिद्ध व्हावीत. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील फरक दरवर्षी जाहीर व्हावा. ज्या वस्त्या मोजमापाच्या बाहेर राहतात त्यांचे पाहणीद्वारे स्वतंत्र सर्वेक्षण व्हावे. माहितीची मालकी कंत्राटदाराकडे न राहता नगरपालिकेकडे राहावी. आणि महानगरपालिकेत अभियंत्याबरोबरच संख्याशास्त्रज्ञ व नियोजनकार यांची कायम पदे असावीत.

थोडक्यात, संवेदकांमुळे शहराची नोंद वारंवार घेता येते आणि प्रारूपांमुळे पर्यायांची तुलना करता येते. त्या पर्यायांपैकी कोणता निवडावा, त्याचा भार कोणी उचलावा आणि लाभ कोणास मिळावा, हे ठरविण्याची जबाबदारी लोकनियुक्त सभागृहांची आहे. उद्या प्रशासनात जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या टेबलावर असे अंदाज येतील. त्या वेळी आकडा कोठून आला, कोण त्यात नाही आणि तो चुकला तर कोणाचे नुकसान होईल, हे तीन प्रश्न विचारून मगच स्वाक्षरी करावी. मुंबईच्या नाल्यांविषयीच्या १९९३ च्या अहवालाची उपेक्षा बारा वर्षांनी किती महाग पडली, हे त्यांनी स्मरणात ठेवावे, एवढीच अपेक्षा.